तलावाचं साल तीनदा बदललं

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. ‘आमचे ठाणे’ या प्रकल्पासाठी त्याने चॅटजीपीटीला विचारलं. पहिल्या रेल्वेची तारीख बरोबर आली; पण घराजवळच्या छोट्या तलावाचं साल तीनदा विचारलं, तर तीन वेगवेगळी सालं मिळाली. असं का?
— एक पालक, नौपाडा

उत्तर : पुस्तक उघडून पाहावं तसं हे यंत्र उत्तर शोधत नाही. मजकूर त्याच्यापुढे तुकड्यांत येतो. या तुकड्यांना टोकन म्हणतात. आतापर्यंतच्या तुकड्यांपुढे कोणता येईल, याची शक्यता मोजून ते त्यांतला एक उचलतं, आणि दर वेळी तोच उचलेल असं नाही. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे इतक्या ठिकाणी छापलंय की तिथे ‘१८५३’च भरघोस मतांनी निवडून येतं. गल्लीतल्या तलावाबद्दल फारसं लिखाणच नाही. मग पाच-सहा सालं सारख्याच तोलाची. कधी हे लागतं, कधी ते. वाक्याचा डौल मात्र तोच, म्हणून थाप ओळखू येत नाही.

उत्तरातली सालं, आकडे, नावं पेन्सिलीने अधोरेखित करा आणि एकेक बाहेर पडताळा. यंत्राने दुवा दिला असेल तर तो उघडून साल खरंच तिथे आहे का बघा. पान असतं, साल नसतं, असं बऱ्याचदा होतं. ठाण्यासाठी १८८२चं गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) आणि मराठी ग्रंथ संग्रहालय हाताशी आहेतच. तरीही मिळालं नाही, तर प्रकल्पात ‘साल सापडलं नाही’ असंच लिहू द्या. (शिक्षकांनी त्यालाही गुण द्यावेत.) आणि हो, चॅटजीपीटीच्या अटींनुसार वय किमान १३ हवं, १८पर्यंत पालकांची संमतीही लागते.

प्रश्न : वर्गात एकच लॅपटॉप आहे. एआय शिकतं कसं, हे मुलांना दाखवता येईल का?
— शिक्षिका, नेरुळ

उत्तर : येईल. गूगलचं ‘टीचेबल मशीन’ मोफत आहे, ब्राउझरमध्येच चालतं. कॅमेरा आणि इंटरनेट हवं. इमेज प्रोजेक्ट उघडा, फोटोंच्या एका गटाला ‘कढीपत्ता’, दुसऱ्याला ‘कडुनिंब’ नाव द्या. प्रत्येकी ५० फोटो, पान फिरवत, जवळ-लांब धरून. ‘ट्रेन मॉडेल’ दाबा आणि नवं पान दाखवा.

आधी मुद्दाम चुकवा. कढीपत्त्याचे सगळे फोटो निळ्या बाकावर काढा, कडुनिंबाचे भिंतीपुढे. मग कडुनिंब निळ्या बाकावर ठेवला, की यंत्र बहुधा ‘कढीपत्ता’ म्हणेल. पानाच्या दातेरी कडांऐवजी त्याने बाकच पाठ केलेला असतो. पार्श्वभूमी दोन्हीकडे मिसळून पुन्हा शिकवा, फरक मुलांना लगेच दिसेल.

रिकामा हात दाखवला तरी ते दोहोंपैकी एक नाव घेतंच, कारण तिसरा पर्याय त्याला दिलेलाच नाही. त्यासाठी ‘काहीच नाही’ हा गट जोडा. फोटो पानांचेच ठेवा, मुलांचे चेहरे नकोत.