१८०० च्या सुमारास ब्रिटिश व्यंगचित्रांत बायकांच्या मलमलीच्या झग्यांची एवढी टिंगल का दिसते?
मुख्य कारण असं की ही उंच कमरेची, अंगाला चिकटणारी फॅशन क्रांतीनंतरच्या फ्रान्सकडून आलेली मानली जायची, आणि त्या काळात ब्रिटनचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं. त्यामुळे पातळ कपडा म्हणजे शत्रूची नक्कल, शिवाय निर्लज्जपणा, असं दुहेरी हत्यार चित्रकारांना मिळालं. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातली जेम्स गिलरे या तेव्हाच्या ब्रिटिश व्यंगचित्रकाराची दोनच चित्रं नीट पाहा. १८०२ च्या चित्रात चहाच्या वेळी शेगडीतली तापलेली सळई पडून एका जाड्या बाईचा झगा पेट घेतो. १८१० च्या चित्रात केन्सिंग्टन गार्डन्समध्ये वाऱ्याने तिघींचे झगे अंगाला असे चिकटलेत की शरीराचा आकार लपतच नाही. जाड बाई, म्हातारी बाई यांना झोडपणं मला आजही क्रूर वाटतं.

मात्र ही चित्रं तेव्हाच्या पेहरावाचा पुरावा म्हणून वापरू नका. त्यात अतिशयोक्ती भरपूर आहे. आणि हा सगळा फक्त पुरुषांचा धंदा होता असंही नाही: गिलरेची बहुतेक चित्रं छापून विकणारी हॅना हम्फ्री ही बाईच होती, लंडनमध्ये तिचं स्वतःचं दुकान होतं.