तुकडा तपासायला द्यावा का? कर्करोगाविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्यासमोर रुग्ण क्वचितच येतो. येतो तो त्याच्या शरीरातला तुकडा, फॉर्मलिनच्या (तुकडा कुजू न देणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत, बाहेर चिकटपट्टीवर नाव आणि वय लिहिलेला. त्यामुळे माझी उत्तरे बहुधा सूक्ष्मदर्शकाच्या बाजूने येतात, हे वाचकांनी गृहीत धरावे. या वेळच्या पत्रांत बायोप्सीविषयीची भीती सर्वांत जास्त दिसली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : आईच्या (वय ५८) डाव्या स्तनात दोन महिन्यांपासून गाठ आहे. ती दुखत नाही. मॅमोग्राफीनंतर डॉक्टरांनी सुईची बायोप्सी सांगितली आहे. गावाकडचे सगळे म्हणतात की गाठीला सुई लावली की ती चवताळते आणि पसरते. त्यापेक्षा सरळ ऑपरेशन करून गाठ काढून घेतलेली बरी नाही का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : गाठ चवताळते, हे मी शिकत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहे, आणि असे म्हणणाऱ्यांना मी हसत नाही, कारण त्यांनी जे पाहिले ते खोटे नसते, फक्त त्याचा लावलेला अर्थ चुकीचा असतो. पूर्वी गाठ लिंबाएवढी झाल्यावर माणूस दवाखान्यात यायचा, बायोप्सी व्हायची, रिपोर्ट हातात पडल्यावर घरात महिनाभर खल चालायचा, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून पुड्या सुरू व्हायच्या आणि चार महिन्यांनी काखेत दुसरी गाठ लागायची. दोष मात्र सुईच्या माथी जायचा, मधल्या चार महिन्यांच्या नाही.

सुईच्या वाटेवर काही पेशी इकडच्या तिकडे होतात, हे खरे आहे. स्लाइडवर आम्हाला त्या कधी कधी दिसतातही. परंतु जागेवरून हललेली पेशी आणि दुसरीकडे रुजलेला कर्करोग यांत फार अंतर आहे, आणि अशा बायोप्सीमुळे स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे आयुष्य घटते, असे दिसून आलेले नाही. अपवाद आहेत आणि ते शल्यविशारदांना माहीत असतात. वृषणातल्या संशयास्पद गाठीला अंडकोशाच्या त्वचेतून सुई घालत नाहीत. ते वृषण जांघेतून छेद घेऊन काढतात. हाडाच्या किंवा मांडीच्या स्नायूंतल्या गाठीची बायोप्सी, पुढचे मोठे ऑपरेशन जो करणार त्याच्याच सल्ल्याने घ्यावी, म्हणजे सुईची वाटही त्या ऑपरेशनमध्ये निघून जाते. आपल्या आईची गाठ या यादीत बसत नाही.

सरळ ऑपरेशन करून टाकण्याचे परिणाम मला माझ्या टेबलावर दिसतात. गेल्या पावसाळ्यात एका लहान दवाखान्यातून एक बाटली आली. स्तनातली गाठ भूल देऊन काढलेली, तिचे चार तुकडे केलेले, आणि ते फॉर्मलिनऐवजी साध्या सलाईनमध्ये दोन दिवस ठेवलेले. झाकण उघडताच कुजल्याचा वास आला. कर्करोग आहे एवढे सांगता आले. पण गाठ पूर्ण निघाली की कडेला राहिली, हे तुकड्यांवरून ठरवणे अशक्य होते, आणि हार्मोनच्या तपासण्यांसाठी तो ऊतक निरुपयोगी झाला होता. त्या बाईंना दुसऱ्यांदा ऑपरेशन टेबलावर जावे लागले. आधी सुईने निदान झाले असते, तर पहिलेच ऑपरेशन नीट आखता आले असते. शिवाय स्तनाच्या काही प्रकारच्या कर्करोगांत आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करतात आणि नंतर शस्त्रक्रिया करतात, म्हणजे अनेकदा स्तन वाचवता येतो. गाठ आधीच काढून टाकली की तो मार्ग बंद होतो.

राहिले ते न दुखण्याचे. स्तनाचा सुरुवातीचा कर्करोग बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून थांबणे हा आपल्याकडचा फार महागात पडणारा समज आहे. बायोप्सी याच आठवड्यात करून घ्या.

प्रश्न : पत्नीच्या रिपोर्टमध्ये 'ग्रेड ३' लिहिले आहे, डॉक्टर मात्र दुसरी स्टेज म्हणतात. खरे कोणाचे? पहिल्या रिपोर्टला सहा दिवस लागले आणि आता 'हर-टू'साठी आणखी आठ दिवस थांबायला सांगितले आहे. एवढा वेळ कशाला लागतो? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : दोघांचेही खरे आहे. ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव आणि स्टेज म्हणजे त्यांनी व्यापलेला मुलूख. ग्रेड मी ठरवतो. स्तनाच्या कर्करोगात तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात: पेशी अजून नलिकांसारखी रचना किती करतात, त्यांची केंद्रके किती बेढब झाली आहेत आणि किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत सापडतात. बेरीज ८ किंवा ९ झाली की ग्रेड ३. स्टेज मात्र गाठीचा आकार, काखेतल्या लसिका ग्रंथी आणि फुप्फुस, यकृत, हाडे यांसारख्या दूरच्या अवयवांतला प्रसार यांवरून ठरते. तापट स्वभावाचा माणूस अजून आपल्या गल्लीबाहेर पडलेला नसावा, तशी ही स्थिती आहे. ग्रेड ३ च्या झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर केमोथेरपीचा परिणामही बहुधा चांगला होतो, ही बाजू रिपोर्टमध्ये लिहिलेली नसते.

आता दिवसांचा हिशेब. स्तनाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये किमान ६ तास मुरावा लागतो, आणि ७२ तासांपेक्षा जास्त राहू नये. मग त्यातले पाणी काढून रात्रभरात मेण भरले जाते, मेणाचा ब्लॉक होतो, आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. कोमट पाण्यावर हे काप सायीसारखे तरंगतात. ते काचपट्टीवर अलगद उचलून घेणे हे आमच्या तंत्रज्ञांचे कसब आहे, आणि त्यात घाई केली की काप दुमडतो. त्यानंतर जांभळा आणि गुलाबी असे दोन रंग दिल्यावर मी पाहू शकतो. एवढ्याने कर्करोग आहे की नाही ते कळते. कोणते औषध चालेल ते कळायला ईआर, पीआर (पेशींत स्त्री-हार्मोनचे ग्राहक आहेत का) आणि हर-टू (पेशींची वाढ करवणारे एक प्रथिन जास्त आहे का) या तीन तपासण्या स्वतंत्र कापांवर कराव्या लागतात. हर-टूचा निकाल ० किंवा १+ आला तर निगेटिव्ह, ३+ आला तर पॉझिटिव्ह. २+ आला तर मात्र जनुकाच्या प्रती मोजणारी 'फिश' नावाची आणखी एक चाचणी लागते. तुमचे आठ दिवस बहुधा तिथे जात आहेत.

ते वाया जात नाहीत. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमोक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी किमान पाच वर्षे देतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब. तिन्ही निगेटिव्ह असतील तर उपचारांची दिशा पुन्हा वेगळी. आठ दिवस वाचवण्यासाठी अंदाजाने सुरुवात करणे मला पटत नाही. दुसरे मत घ्यायला मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचे झाले, तर केवळ कागद नेऊ नका. आमच्याकडून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. त्यांवर तुमचा हक्क आहे.

प्रश्न : आई (वय ६१) जुन्नर तालुक्यातली. लहानपणापासून मिश्री लावते. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही म्हणते. गालाच्या आत महिन्यापासून जखम आहे, तिखट लागले की झोंबते. माझा भाऊ तंबाखू खात नाही, फक्त सुगंधी सुपारी खातो, पण त्याचे तोंड पूर्ण उघडत नाही. दोघांना दाखवावे का? खर्चाचीही चिंता आहे. (एक वाचिका, भोसरी)

उत्तर : दोघांनाही दाखवा, आणि आईला आधी. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच; भाजल्याने तिच्यातला धोका जात नाही, आणि पोट साफ होण्यासाठी ती लागते याचा अर्थ शरीराला निकोटिनची सवय जडली आहे, एवढाच. तोंडातली जखम साध्या कारणाने झाली असेल, म्हणजे दाताचा टोकदार कोपरा घासत असेल किंवा गाल चावला गेला असेल, तर कारण दूर केल्यावर ती दोन आठवड्यांत भरून येते. तीन आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासलाच पाहिजे. आईच्या जखमेला महिना झाला आहे. मलम, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि 'उष्णता झाली आहे' ही समजूत, यांत आणखी दिवस घालवू नका. जागा बधिर करून काही मिनिटांत तुकडा घेता येतो. दंतमहाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही ही सोय असते.

भावाच्या बाबतीत 'फक्त' हा शब्द मला खटकला. सुपारी स्वतःच, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या गटात ठेवले. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आपल्याकडे पूजेत आहे, पंगतीनंतरच्या तबकात आहे, आणि त्यामुळे ती खाणाऱ्याला आपण व्यसनी समजत नाही. सुपारीने गालाच्या आतला मऊ स्तर तंतुमय होत जातो, गाल आतून दोरखंडासारखा लागतो आणि तोंड कमी कमी उघडते. भावाला स्वतःची तीन बोटे उभी, एकावर एक, तोंडात घालून पाहायला सांगा. दोनच जात असतील तर तो विकार बराच पुढे गेला आहे. हा अजून कर्करोग नव्हे, मात्र त्यातल्या काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो, म्हणून सुपारी आज बंद करून दर काही महिन्यांनी तपासणी हवी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी आहे. आईसाठी तो वापरा.

खर्चाबाबत: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा, पैसे भरल्यानंतर नको.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस इतक्या लहान वयात कशासाठी? सासूबाईंना हे अजिबात पटत नाही. (एक वाचिका, कोथरूड)

उत्तर : लहान वयातच, कारण लस संसर्गाच्या आधी द्यायची असते आणि या वयात प्रतिकारशक्तीचा प्रतिसादही अधिक जोमदार असतो. या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो; हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. त्याचे १६ आणि १८ हे प्रकार मिळून सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारणीभूत असतात. लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या बाह्य कवचातले प्रथिन तेवढे असते. आपल्याच हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या भारतीय बनावटीच्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ९ ते १४ वर्षांत दोन डोस देतात, पंधरा वर्षांनंतर तीन. सासूबाईंना सांगा की धनुर्वाताची लस आपण खिळा टोचण्याची वाट न पाहता देतो, आणि ती दिली म्हणून मूल खिळ्यांवर चालू लागत नाही.

आपण स्वतःविषयी काहीच विचारले नाही, हे माझ्या लक्षात आले. तिशीनंतर प्रत्येक स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायला हवी, लस घेतलेल्यांनीसुद्धा. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा त्यात सहभाग होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कोथरूडमध्ये ही चाचणी चालत जाण्याच्या अंतरावर मिळते, आणि तरी इथल्या सुशिक्षित स्त्रिया ती टाळतात, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

प्रश्न : 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये माझा (वय ७१) पीएसए ५.८ आला आणि पत्नीचा (वय ६६) सीए-१२५ हा ४४. दोघांचेही आकडे लाल रंगात आहेत. आम्हाला झोप नाही. (एक वाचक, औंध)

उत्तर : लाल रंग छापखान्याचा आहे, निदानाचा नव्हे. पीएसए हे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारे प्रथिन. वयाने वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, लघवीतला जंतुसंसर्ग, नुकताच घातलेला कॅथेटर या सर्वांनी पीएसए चढतो. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा आणि तरीही आकडा चढलेलाच राहिला तर युरॉलॉजिस्ट एमआरआय सांगतील. बायोप्सीचा प्रश्न त्यानंतरचा. एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. लघवीसाठी आपण ड्यूटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असलेली गोळी सहा महिन्यांहून अधिक काळ घेत असाल, तर पीएसए निम्म्यावर उतरलेला असतो, म्हणजे आपला ५.८ हा प्रत्यक्षात ११ ते १२ च्या घरातला धरावा लागेल. त्या पॅकेजच्या अर्जात औषधांचा रकाना होता का?

सीए-१२५ हे अंडाशयाच्या कर्करोगात रक्तात वाढणारे प्रथिन. त्याची मर्यादा ३५ असते, पण यकृताचे आजार आणि पोटातला क्षयरोग यांतही हा आकडा वाढतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, तक्रार नसलेल्या स्त्रियांची अशी नियमित तपासणी करून अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. तरीही पॅकेजमध्ये ही तपासणी असते, कारण यादी लांब दिसली की पॅकेज खपते. आकडा आलाच आहे, तर पत्नीची एकदा सोनोग्राफी करून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पोट फुगणे, थोडे खाल्ल्यावर भरल्यासारखे वाटणे अशा तक्रारी काही आठवडे टिकून असतील, तर त्या आकड्यापेक्षा महत्त्वाच्या मानाव्यात.

प्रश्न : माझे स्तनाचे रेडिएशन सुरू आहे, पंधरा बैठका आहेत. सून नातीला माझ्याजवळ येऊ देत नाही. तिचे बरोबर आहे का? (एक वाचिका, सदाशिव पेठ)

उत्तर : नाही, पण तिची काळजी समजण्यासारखी आहे. आपल्याला दिले जाणारे किरण यंत्र बंद होताच संपतात. अंगात काही उरत नाही आणि अंगातून काही बाहेर पडत नाही. थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडीन पाजतात तेव्हा काही दिवस मुलांपासून दूर राहावे लागते, आणि पेट स्कॅनच्या दिवशी काही तास. सुनेने बहुधा त्यांपैकी काही ऐकले असेल. नातीला खुशाल मांडीवर घ्या. फक्त किरण दिलेल्या बाजूची त्वचा सध्या हुळहुळी असेल, म्हणून तिचे डोके दुसऱ्या खांद्यावर ठेवा.