इमिक्विमोड मॉडेल पहिल्यांदा करताना

अगं, या मॉडेलमध्ये इमिक्विमोड क्रीम लावून उंदराच्या पाठीवर सोरायसिस या त्वचारोगासारखी लक्षणं उठवतात आणि त्यावर तुझं नवं मलम तपासायचं असतं. पण संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय उंदराला हात लावू नकोस. मग पाठ भादरून एक दिवस थांब. भादरल्यामुळे आलेली लाली सोरायसिसच्या खात्यात जमा होते. माझा अख्खा गट असा वाया गेलाय.

२००९ साली आलेल्या मूळ पद्धतीत ५ टक्के इमिक्विमोड क्रीम रोज ६२.५ मिलिग्रॅम, पाच-सहा दिवस लावतात. दोन-तीन दिवसांत पाठीवर पांढुरके पापुद्रे सुटायला लागतील. लाली, पापुद्रे आणि जाडी यांना प्रत्येकी ० ते ४ गुण. गुण देणाऱ्याला कुठला गट आहे हे कळता कामा नये, इथे तडजोड नाहीच.

वजन रोज कर. क्रीम चाटली गेली की उंदीर झपाट्यानं उतरतात, बिचारे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुझं मलम आणि इमिक्विमोड लागोपाठ चोपडू नकोस, मध्ये काही तास जाऊ देत. नाहीतर मलमाचा थर इमिक्विमोडला नुसता अडवेल आणि तुला वाटेल गुण आला. औषधाविना नुसता बेस लावलेला गट त्यासाठीच ठेवायचा.