वाचकांचे प्रश्न : सिलिंडरमधली हवा, काजळीचा सूट आणि दाराबाहेर थांबलेले दोघे

प्रश्न : जवानांच्या पाठीवरचा हवेचा सिलिंडर 45 मिनिटांचा असतो असे वाचले. मग ते वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर का येतात? सिलिंडर अर्धवट भरलेले असतात का?

उत्तर : नाही, हिशेबच तसा आहे. 6.8 लिटरचा सिलिंडर 300 बार (बार हे दाबाचे एकक) दाबाने भरला, की त्यात ढोबळमानाने 2,000 लिटर हवा मावते. प्रत्यक्षात थोडी कमीच. मिनिटाला 40 लिटर धरले तर ती पाऊण तास पुरते आणि छापील आकडा असाच काढलेला असतो. पण अंगावर वीसेक किलोचा सूट आणि बीए सेट (पाठीवरचा सिलिंडर आणि मास्क), हातात पाण्याने भरलेला होज, म्हणजे नळी, आणि समोर जिना असेल, तर धडधाकट माणूसही मिनिटाला 80 लिटर सहज ओढतो. वेळ तिथेच निम्म्यावर येते.

शिवाय सगळी हवा कामासाठी नसते. दाब 55 बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजते. त्या क्षणी उरलेली हवा पावणेचारशे लिटरच्या आत, म्हणजे धापा टाकत पाच मिनिटेही नाहीत. अमेरिकी मानकाने 2013 च्या आवृत्तीत ही सूचना भरलेल्या हवेच्या 33 टक्क्यांवर आणली, ती याच कारणाने. शिट्टी वाजली की निघायचे, ही जुनी आणि घातक सवय. शिट्टी वाजेल तेव्हा जवान दाराबाहेर असला पाहिजे.

त्यासाठी वळायचा आकडा आत शिरल्यावर लगेच ठरवतात. दारात दाबमापकाचा काटा 290 वर होता आणि आगीपाशी 230 वर आला, तर जायला 60 बार लागले. परतीला 60 आणि राखीव 60 धरले, की 120 ला वळावे लागते. आम्ही 140 म्हणू. परतताना माणूस दमलेला असतो, वाट चुकू शकते, कुणाला ओढत आणायचे असेल तर 60 बारमध्ये भागत नाही. जोडीत ज्याचा काटा सर्वांत खाली, त्याच्या काट्यावर दोघेही वळतात. एकट्याला परत पाठवायचे नाही.

दारावर एक जण फलक घेऊन असतो. त्यावर प्रत्येकाचे नाव, आत जाण्याची वेळ, तेव्हाचा दाब आणि नेमून दिलेले काम लिहिलेले असते. आतल्या माणसाला वेळेचे भान राहत नाही. दहा मिनिटे त्याला चारच वाटतात. म्हणून घड्याळ बाहेरच्याने बघायचे आणि वॉकीटॉकीवर दाब विचारत राहायचे.

प्रश्न : घर पेटलेले असताना दोन जवान तयारीनिशी दाराबाहेर नुसते उभे असतात. लोकांना राग येणारच ना?

उत्तर : राग समजू शकतो, पण ते नुसते उभे नसतात. आत दोघे तर बाहेर दोघे, हा नियम अमेरिकेत 1998 पासून कायद्याने लागू आहे. इतरत्रही बचाव जोडी ठेवायची पद्धत आहे. बाहेरच्या दोघांनी बीए सेट चढवलेला असतो, मास्क हाताशी असतो, वॉकीटॉकी आतल्या जोडीच्या चॅनेलवर असतो. त्यांपैकी एकाला दुसरे काम देता येते, पण ते तत्काळ टाकून जाता येईल असेच. पंप चालवणाऱ्याला यात धरणे ही नेहमीची पळवाट. तो आत धावला तर होजमधले पाणी कोण सांभाळणार?

आत माणूस अडकल्याची खात्री असेल, तर पूर्ण संख्या जमायची वाट न पाहता बचाव करायला हा अमेरिकी नियम आडकाठी करत नाही.

प्रश्न : माझे पती अग्निशमन दलात आहेत. काजळीने माखलेला सूट गाडीत टाकून घरी आणतात आणि मी तो धुते. चालेल का?

उत्तर : ताई, हे आजपासून बंद करा. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाच्या कामातला संपर्क गट 1 मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा म्हणून नोंदवला. मूत्राशयाच्या कर्करोगाचा आणि मेसोथेलिओमाचा (बहुधा फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग) पुरावा त्यांनी पुरेसा मानला. धुरातली रसायने श्वासावाटे जातात तशी त्वचेतूनही शिरतात, आणि मान व जबडा ही सर्वांत उघडी जागा.

सफाई घटनास्थळीच सुरू व्हायला हवी. बाहेर आल्यावर मास्क न काढता, सिलिंडरची हवा घेत उभे राहायचे. सहकाऱ्याने कमी दाबाच्या पाण्याने वरून खाली भिजवायचे, सौम्य साबणाच्या पाण्याने ब्रशने घासायचे. काखा, मनगटे, पट्ट्यांखालची जागा आणि बूट सोडायचे नाहीत. मग पुन्हा पाणी. त्यानंतरच मास्क काढायचा. सूट जाड पिशवीत बंद करून केबिनमध्ये नव्हे, गाडीच्या बाहेरच्या कप्प्यात. मान, चेहरा, हात तिथेच पुसून घ्यायचे आणि केंद्रावर पोचल्यावर तासाभरात साबणाने आंघोळ.

पुढची धुलाई केंद्रावरच्या वेगळ्या यंत्रात. आतले अस्तर आणि बाहेरचे कापड सुटे करून धुवायचे, पाणी 40 अंश सेल्सियसच्या वर नाही. ब्लीच आणि कापड मऊ करणारे द्रव वर्ज्य. वाळवायचे सावलीत: उन्हातले अतिनील किरण सुटाच्या कापडातल्या उष्णतारोधक अरामिड धाग्याची ताकद खातात. उन्हात टाकलेला सूट दिसतो धडधाकट, पण ओढला की फाटतो. गुडघे आणि खांदे वेगळे तपासा. तिथे अस्तर दबले की अडकलेली हवा निघून जाते आणि उष्णता थेट आत येते.

टोपीखालचा कापडी हूड मात्र प्रत्येक आगीनंतर बदललाच पाहिजे. एकच हूड महिनाभर वापरणारे पाहिले की हसावे की रडावे कळत नाही.

प्रश्न : आग विझल्यावर ढिगारा उपसताना मास्क काढला तर बिघडते का?

उत्तर : बिघडते. वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत हे सर्रास दिसते, म्हणून मुद्दाम सांगतो. ज्वाळा नसल्या तरी धुमसणाऱ्या गाद्या आणि सोफ्यांच्या फोममधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघत राहतात. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. हवा स्वच्छ दिसते म्हणून नव्हे, तर वायुमापक दोन्ही वायूंचे प्रमाण सुरक्षित दाखवत असेल तेव्हाच मास्क काढायचा. ढिगारा हलवला की पुन्हा मोजायचे.

प्रश्न : आत अडकलेला जवान मदत कशी मागतो?

उत्तर : वॉकीटॉकीवर “मेडे, मेडे, मेडे”, आणि पाठोपाठ ठिकाण, तुकडी, नाव, काय झाले, हवा किती आणि काय हवे, याच क्रमाने. ठिकाण आधी, कारण संदेश मध्येच तुटला तरी शोधायला कुठे जायचे ते कळते. हालचाल थांबली तर अंगावरचा गजर साधारण 20 सेकंदांनी इशारा देतो, 30 सेकंदांनी मोठ्याने वाजतो.

उशीर होतो तो संकोचामुळे. “बघतो, निघेन” म्हणता म्हणता हवा संपते. वाट सापडत नाही, अडकलो, हवा कमी, या तिन्हींपैकी एक झाले की लगेच पुकारा करायचा. पुढे सुटका झाली तर पुकारा मागे घेता येतो.

प्रश्न : दाढी ठेवायला मनाई का?

उत्तर : मास्कची रबरी कड केसांवर बसली की फटी राहतात. आत दाब असल्याने हवा बाहेर गळते आणि सिलिंडर लवकर रिता होतो. खोल श्वासाला धूरही आत येतो. रोजची परीक्षा सोपी आहे: हवेचे तोंड तळहाताने बंद करून श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून दहा सेकंद तसाच राहिला पाहिजे.