दोन्ही डोळ्यांनी बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, जुन्या जोडचित्रांच्या तिन्ही कार्डांचे फोटो पाहिले. एकच दृश्य डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी शेजारी शेजारी लावलेली ही कार्डं, व्ह्यूअरच्या दोन भिंगांतून पाहिली तरच दोन चित्रांचं एक होतं आणि त्याला खोली येते. नायगारा घेऊ, किल्ला घेऊ की नेच्यांचं (फर्नचं) ते फिकट कार्ड घेऊ, कुणाची किंमत टिकेल, असं विचारलंस. चार पानं लिहिलीस आणि कार्डात काय दिसलं याची एक ओळही नाही. म्हणजे व्ह्यूअर डोळ्यांना लावलाच नाहीस. टेबलावर ठेवून नुसती वरून पाहिलीस. मग ती कार्डं तू अजून पाहिलेलीच नाहीस.

रागावू नकोस. तुझ्या वयाचा असताना मीही तेच केलं. लंडनच्या एका जुन्या फोटोंच्या बाजारात फळांचं एक कार्ड हातात आलं होतं. द्राक्षं, एक काचेचा पेला, मागे पडदा. सगळं चहा सांडल्यासारखं पिवळट. मी ते परत ठेवलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते उचललं, खिशातल्या व्ह्यूअरमधून पाहिलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. द्राक्षाचा मणी न् मणी सुटा झाला. पडदा हातभर मागे गेला. आणि तो पेला चमकला! कागदावर तिथे नुसता पांढरा ठिपका होता. पण चकाकी डाव्या डोळ्याला एका जागी दिसते, उजव्याला किंचित दुसऱ्या जागी, आणि दोन्ही एकत्र आल्यावरच काच काचेसारखी दिसते. त्यांनी ते कार्ड बारा पौंडांना घेतलं. तीस वर्षं झाली, त्याची दुसरी प्रत मला कुठेही मिळाली नाही. म्हणून सांगतो, दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही घेऊ नकोस, आणि दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही परत ठेवू नकोस.

आपल्याकडे इंटरमिजिएट ड्रॉइंगला तांब्या, वांगी आणि कापड मांडून देतात आणि एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घ्यायला शिकवतात. तूही ते केलं असशील. ती सवय इथे सोडावी लागते. सुरुवातीचे बरेच फोटोग्राफर एकाच कॅमेऱ्याने एक फोटो घ्यायचे, कॅमेरा बाजूला सरकवायचे आणि दुसरा घ्यायचे. मधल्या वेळात काही हललं की जोडी बिघडली. फळं हलत नाहीत, कवटी हलत नाही. टी. आर. विल्यम्स या लंडनच्या फोटोग्राफरने १८५०च्या दशकात कवटी आणि वाळूचं घड्याळ मांडून चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर जोडचित्रं घेतली ती अशा शांत वस्तूंची. नेच्याचं पान मात्र वाऱ्याने हलतं. तुझ्या कार्डात एखादं पान थरथरल्यासारखं दिसलं तर तो दोष समजू नकोस. दोन फोटोंच्या मधे आलेली ती दीडशे वर्षांपूर्वीची झुळूक आहे. हे स्कॅनमध्ये एकच बाजू बघून कसं कळणार?

काळपट आहे म्हणून नाकारू नकोस. त्या काळी फोटो ज्या रसायन लावलेल्या काचेवर घेत, त्या ओल्या कोलोडियनच्या काचेला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे पिकलेली स्ट्रॉबेरीही कोळशासारखी येते. हिरवी पानंही गडदच येतात. खरा दोष वेगळा असतो. एकाच काचेवर दोन्ही चित्रं घेतली असतील तर कागदावर छापल्यावर ती कापून डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे चिकटवावं लागतं. कुणी ते विसरलं की द्राक्षाचा घड करवंटीसारखा आत खोल जातो आणि मागचा पडदा पुढे येतो. असं कार्ड वरून अगदी निर्दोष दिसतं. मी चांगले पैसे मोजून तशी दोन घेतली आहेत.

आता किमतीचं. किल्ल्याला, धबधब्याला गिऱ्हाईक मिळतं, हे खरं. फळाफुलांची कार्डं म्हणजे दिवाणखान्यातली करमणूक, असं मला आयुष्यभर ऐकवलं गेलं. घरातही. क्रिमियाचं युद्ध कॅमेऱ्यात टिपून आलेला रॉजर फेंटन १८६०मध्ये द्राक्षं आणि पीच मांडून बसला होता, तो काय वेळ घालवत होता? नेच्यांचं वेड तर इंग्लंडभर एवढं पसरलं की लेखक चार्ल्स किंग्जलीने १८५५मध्ये त्याला 'टेरिडोमेनिया' असं नाव दिलं. अमेरिकेत १८७०च्या दशकात पानांचा गर काढून नुसत्या शिरांचे जाळीदार गुच्छ करून त्यांची जोडचित्रं विकली जात. बहिणीच्या मुलाच्या मुंजीला मी आलो नाही, त्या शनिवारी अशाच जाळीदार पानांचा एक गठ्ठा विक्रीला होता, हे तुझ्या आईने तुला सांगितलं असेलच. भाच्याची मुंज पुन्हा होत नाही, हे मला कळतं. तो गठ्ठाही फुटून दहा घरांत गेला असता. मी तो अख्खा ठेवलाय. दर रविवारी एकेक कार्ड बघतो. एका संस्थेने माझा सगळा संग्रह मागितला होता, स्कॅन करून खोक्यांत ठेवायला. मी विचारलं, व्ह्यूअर ठेवाल का? नाही म्हणाले. मग मीही नाही म्हणालो. आजही नाहीच म्हणेन.

एक राहिलं. १८८०च्या आसपासपासूनची कार्डं मुद्दाम बाक देऊन केलेली असतात. ती पुस्तकाखाली दाबून सपाट करू नकोस. मी केलं, चित्राला मधोमध तडा गेला. ओला कापूसही लावायचा नाही.

माझा जुना, हातात धरायचा होम्स व्ह्यूअर उद्याच्या टपालाने पाठवतोय, भिंगं पुसून ठेवली आहेत. शनिवारी त्या दुकानात जा. नेच्यांचं कार्ड लाव, कार्डाची पट्टी पुढेमागे सरकव, घाई करू नकोस, दोन चित्रांचं एक व्हायला क्षणभर लागतो. सर्वांत पुढच्या पानाचं टोक तुझ्याकडे येतं की आत जातं, एवढंच मला कळव.

तुझा,
काका