रग्बी लीगमध्ये सारख्याच धोकादायक टॅकलला वेगवेगळी शिक्षा का होते? आतून सेटिंग असतं का?

सेटिंग वगैरे काही नाही हो. रग्बी लीग हा रग्बीचाच एक प्रकार, आणि एनआरएल ही त्याची ऑस्ट्रेलियातली मुख्य स्पर्धा. तिचा गोंधळ वेगळाच आहे. शिक्षा कृतीला द्यायची की झालेल्या इजेला, हेच तिथे धड ठरलेलं नाही.

मी सिडनीत पॅरामॅटाजवळ राहतो, त्यामुळे गल्लीत राहून नकळत पॅरामॅटा क्लबवाला झालो. २९ जुलै २०२२ ला स्टेडियमात होतो. पेनरिथच्या नेथन क्लिअरीने आमच्या डिलन ब्राउनला पायात हात घालून उचललं. कुस्तीत पट काढतात तसं, पण गडी पाठीवर टेकवायच्या ऐवजी पाय वर आणि डोकं खाली. ओरडणारं अख्खं स्टेडियम क्षणभर गप्प झालं. ब्राउन उठला, त्याला काहीही झालं नव्हतं. क्लिअरी मैदानाबाहेर, वर पाच सामन्यांची बंदी.

दुसऱ्याच दिवशी ब्रिस्बेनच्या पॅट कॅरिगनने जॅक्सन हेस्टिंग्जला धरलं आणि खाली बसताना स्वतःचं सगळं वजन त्याच्या पायावर सोडलं. याला हिप-ड्रॉप म्हणतात. हेस्टिंग्जचा पाय मोडला, मोसम तिथेच संपला. कॅरिगनला चार सामने.

धडधाकट उठला त्याच्यासाठी पाच, पाय मोडला त्याच्यासाठी चार. ऐकायला अन्याय वाटतो ना? पण उचलून आपटण्याची इतकी धास्ती का, ते २०१४ च्या मार्चमध्ये आहे. न्यूकॅसलचा २२ वर्षांचा ॲलेक्स मॅकिनन अशाच टॅकलमध्ये मानेवर पडला आणि व्हीलचेअरवर आला. टॅकल करणाऱ्या तिघांपैकी जॉर्डन मॅकलीनला सात सामन्यांची बंदी झाली. काहींना सात फारच कमी वाटले, काही म्हणाले हा तर अपघात. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, आणि अडचण तीच आहे.

पद्धत अशी: सामन्यानंतर समीक्षा समिती व्हिडिओ पाहून आरोप आणि त्याची ग्रेड ठरवते. एक नंबर हलकी, तीन नंबर जड, आणि ग्रेडप्रमाणे शिक्षा तक्त्यात ठरलेली. गुन्हा लगेच कबूल केला तर सूट, लढून हरलात तर शिक्षा वाढते. लढायचं तर न्यायसमितीपुढे जायचं, तिथे निकाल देणारे माजी खेळाडू. काही गंभीर प्रकरणं ग्रेड न लावता थेट त्यांच्याकडे जातात, कॅरिगनचं तसंच गेलं. म्हणजे क्लिअरीची शिक्षा तक्त्यातून आली आणि कॅरिगनची माणसांनी बसून ठरवली. एका तराजूत मोजलेलंच नाही, मग जुळणार कसं?

त्यात कॅलेंडर. २०१४ मध्ये साउथ सिडनीचा आयझॅक लूक सेमीफायनलमध्ये सनी बिल विल्यम्सला उचलून टाकल्याबद्दल अडकला. बंदी फक्त एका सामन्याची, पण तो सामना म्हणजे क्लबची १९७१ नंतरची पहिली फायनल! उलट २०१८ मध्ये मेलबर्नच्या बिली स्लेटरवर सेमीफायनलमध्ये शोल्डर चार्जचा, म्हणजे हाताने न धरता नुसत्या खांद्याने धडक दिल्याचा, आरोप आला. २०१३ पासून तो प्रकार बंदच आहे. तो शोल्डर चार्ज नव्हताच, हे म्हणणं तीन माजी खेळाडूंच्या पॅनेलने मान्य केलं आणि गडी त्याचा शेवटचा सामना, म्हणजे फायनल, खेळला. हरले ते २१-६ ने, पण इथल्या पबमध्ये तो निकाल काढला की आजही आवाज चढतो.

आणि तो पेनरिथचा क्लिअरी? त्याचे पाच सामने साखळीच्या शेवटच्या पाच फेऱ्यांत अगदी बरोब्बर फिटले. बाद फेरीला ताजातवाना हजर. २ ऑक्टोबरला पेनरिथने फायनल मारली, २८-१२. समोर कोण, तर पॅरामॅटाच.