इथेनॉल मळीपासूनच का, उसाच्या चिपाडापासून का नाही?

होतं की चिपाडापासून पण, फक्त सोपं नाही. मळीत (साखर काढून उरलेला घट्ट पाक) साखर आयतीच असते, यीस्ट टाकलं की काम सुरू. चिपाडातली साखर सेल्युलोजच्या साखळीत अडकलेली आणि वरून लिग्निन नावाच्या चिवट पदार्थाचा गिलावा, म्हणून आधी अ‍ॅसिड नि वाफेने ते फोडायचं, मग एन्झाइम घालून साखर सुटी करायची आणि मग कुठे यीस्टचा नंबर, त्यात झायलोज ही चिपाडातली दुसरी साखर साध्या यीस्टला पचतच नाही. पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्लांट आहे, २०२२ ला उद्घाटन झालं, भाताच्या पेंढ्यावर, क्षमता दिवसाला १ लाख लिटर, टेक्नॉलॉजी आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीची. आपल्याकडे कारखान्याचं बगॅस, म्हणजे हेच चिपाड, बॉयलरमध्येच जातं, वीजही त्यावरच, मग उरणार किती?